माळ्यावर सापडलेला काडतुसांचा हातप्रेस: ओळख आणि दुरुस्ती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात चरईतली इमारत पुनर्विकासाला गेली, माळा रिकामा करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचं, चार-पाच किलो वजनाचं लोखंडी यंत्र होतं. लांब हँडल, टोकाला काळा गोळा. वर हिरवा रंग, टवके उडालेत तिथे आत केशरी. माथ्यावर आट्यांचं भोक. सोबत टेबलाला अडकवायचं एक छोटं पितळी यंत्र, ज्याला घरात सगळे शेवयांचं यंत्र म्हणत आले. आजोबांकडे बारा बोरची बंदूक आणि तीनशे पंधराची रायफल परवान्यावर होती, ते गेल्यावर दोन्ही जमा केल्या. तर हे काय आहे, किती जुनं आहे, आणि गंज काढून घोडबंदर रोडच्या नव्या घरात शोकेसमध्ये ठेवता येईल का?

हा काडतुसं पुन्हा भरायचा हातप्रेस आहे. रायफलचं काडतूस उडालं की पितळेची पुंगळी फुगते. ती रॅमच्या, म्हणजे खालून वर सरकणाऱ्या दांड्याच्या, डोक्यावर बसवायची आणि हँडल ओढायचं. रॅम वर जातो, पुंगळी वरच्या भोकात बसवलेल्या डायमध्ये, म्हणजे नेमक्या मापाच्या साच्यात, शिरते आणि पुन्हा मापाला येते, शिवाय डायमधली सुई बुडातली जळालेली टोपी (ठोका बसताच पेटून बंदुकीच्या दारूला आग लावणारी) बाहेर ढकलते. बाकीची कामंही त्याच भोकात डाय बदलून होतात. म्हणजे हा प्रेस तीनशे पंधरासाठी होता, बारा बोरसाठी नाही. बारा बोरचं काम ते 'शेवयांचं यंत्र' करायचं, त्याच्याकडे शेवटी येतो.

मी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली. असे सात प्रेस हाताखालून गेले, सगळे परवानाधारक विक्रेत्यांमार्फत किंवा परवाना असलेल्या नेमबाजांकडून कागदांसकट आलेले. त्या अनुभवावरून पहिली विनंती ही की रविवारी सकाळी पॉलिश पेपर घेऊन बसायचा तुमचा जो बेत आहे, तो पुढे ढकला. त्याला दोन कारणं आहेत. एक बोटांशी संबंधित आहे आणि दुसरं पोलीस ठाण्याशी.

बोटांचं आधी. काडतुसाच्या बुडाला जी टोपी असते ती साधारण मिरीच्या दाण्याएवढी: लहान प्रकार साडेचार मिलिमीटरच्या जरा आत, मोठा सव्वापाचच्या आसपास. प्रेसवर रॅमच्या पुढच्या खाचेत एक छोटी हलणारी पट्टी असते, तिच्या टोकाला वाटीसारखा खळगा. नवी टोपी त्यात ठेवून पुंगळीत बसवतात. शेवटच्या दिवशी आजोबांचं काम अर्धवट राहिलं असेल तर टोपी अजून तिथेच असू शकते. माझ्याकडे आलेल्या सातपैकी एकात होती, गंज आणि ग्रीसच्या लगद्यात इतकी बेमालूम बसलेली की पहिल्यांदा मी तिला रिव्हेटच समजलो. टोपी जुनी म्हणजे मेलेली, असं अजिबात नाही. तेलात किंवा पाण्यात भिजवली की निकामी झाली, हाही भरवसा धरू नका. त्या खळग्यात, रॅमच्या खाचेत, खालच्या पत्र्याच्या डबीत आणि ट्रंकेच्या कोपऱ्यांत बॅटरीच्या उजेडात नुसतं बघा. पितळी किंवा चांदीच्या रंगाची छोटी वाटी दिसली, बंदुकीच्या दारूचा डबा दिसला, भरलेलं काडतूस दिसलं, तर हात मागे घ्या. चिमट्याने उपटायचं नाही, यंत्र उलटं करून आपटायचं नाही, कचऱ्याच्या पिशवीत टाकायचं नाही. खोलीचं दार लावून ११२ ला फोन करा आणि जे आहे ते स्पष्ट सांगा. अशा फोनमुळे कुणी तुम्हाला गुन्हेगार समजत नाही. भंगारवाल्याच्या हातोडीखाली ती टोपी फुटली तर मात्र प्रकरण वेगळं होतं.

आता ठाण्याचं, म्हणजे पोलिसांच्या. बहुतेकांना वाटतं की बंदुका जमा केल्या, विषय संपला, हे तर नुसतं लोखंड. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २ वाचा. तिथे 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसांबरोबर त्यांचे भाग येतात आणि ती बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. कलम ३ म्हणतं की दारूगोळा परवान्याशिवाय ताब्यात ठेवता येत नाही. कलम २१ प्रमाणे, ज्या वस्तूचा ताबा काही कारणाने कायदेशीर राहिलेला नाही ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना थोडी सूट आहे, आणि डाय नसलेला नुसता सांगाडा त्यात बसतो असं सांगणारे मला भेटलेत. बसत असेलही. पण तो निकाल तुम्ही आणि मी तलावपाळीवर चहा पिताना लावायचा नाही. विनापरवाना दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. तुम्ही काही बनवणार नाही हे मला माहीत आहे, पण ते कागदावर दिसलं पाहिजे.

करायचं काय, तर सगळ्या वस्तूंचे फोटो, यादी, आजोबांच्या परवान्याची प्रत, हत्यारं जमा केल्याची पावती आणि एक साधा अर्ज: 'माळ्यावर सापडलं, वापरायचा हेतू नाही, स्मृती म्हणून ठेवायची इच्छा आहे, मार्गदर्शन व्हावं.' ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. नवी मुंबईचं आयुक्तालय वेगळं आहे, तेव्हा वस्तू ऐरोली-वाशीच्या नातेवाइकाकडे हलवून घोळ वाढवू नका. अर्ज तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात आणि आयुक्तालयाच्या परवाना शाखेत द्या, दोन्हीकडे पोच घ्या. आणि हे नीट ऐका: पहिल्या दिवशी नुसता कागद न्या. यंत्र पिशवीत घालून रिक्षातून मिरवत नेऊ नका. ते म्हणतील तेव्हा, म्हणतील तिथे न्यायचं. जमा करा म्हणाले तर परवानाधारक विक्रेत्याकडे पावतीवर ठेवता येतं, मग तिथून पुढची परवानगी बघता येते. याला वेळ लागतो आणि तीन-चार फेऱ्या होतात. माझ्या एका परिचितांना अर्ज नेमका कोणत्या टेबलावर द्यायचा एवढं कळायलाच पावसाळा गेला.

तोवर ओळख पटवायला कुणाची हरकत नसावी. बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा. खोलायचं काही नाही.

रंगावरून सुरुवात करू नका, कारण सगळे तिथेच फसतात. तुम्हाला कुणीतरी सांगितलं की हिरवा म्हणजे आरसीबीएस. बरोबर आहे, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलचे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचा रंग हिरवाच. पण तुमचा हिरवा वरचा आहे आणि ब्रशचे ओघळ त्यात स्पष्ट दिसतात. कारखान्यातला रंग असा ओघळत नाही. चरईच्या घरातल्या खिडक्यांचे गज कुठल्या रंगाचे होते ते आठवा. माझी पैज आहे की एका दिवाळीला उरलेल्या ऑइल पेंटचा हात यालाही बसला. खरा रंग केशरी, आणि केशरी म्हटलं की लायमन या अमेरिकन कंपनीचं नाव आधी डोक्यात येतं. तरीही रंग हा साक्षीदारच. निकाल अक्षरांवर आणि मापांवर लागतो.

तुमच्या दुसऱ्या फोटोत फ्रेमच्या बाजूला काहीतरी उठाव दिसतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसं करा. पातळ कागद, मऊ शिसाची पेन्सिल, आडवी धरून हलक्या हाताने. मी फोटो मोठा करून, उजेड वाढवून पाहिला तेव्हा मला वरच्या ओळीच्या शेवटी 'एफ-आय-ई-एल-डी' आणि पुढे 'सी-ओ-एन-एन' असं वाटलं. तसंच निघालं तर ते मिडलफील्ड, कनेक्टिकट, म्हणजे लायमनचं गाव. विल्यम लायमन यांनी १८७८ मध्ये बंदुकीवर नेम धरायच्या पट्ट्या बनवायला सुरुवात केली. काडतुसं भरायच्या अवजारांचा धंदा त्यांच्याकडे नंतर आला. तो मूळचा जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीचा, न्यू हेवनचा, १८८४ पासूनचा. मधे दोनदा हात बदलून तो १९२५ मध्ये लायमनकडे आला. म्हणून काही जुन्या लायमन अवजारांवर 'आयडियल' हे नावही दिसतं. ते दिसलं तर नकली समजू नका.

लायमनच्या एका भोकाच्या 'सी' प्रेसचं नाव स्पार्टन. त्याचंच चक्री भाऊबंद स्पार-टी, त्यात डोक्यावर फिरणारी सहा भोकांची चकती. तुमच्याकडे एकच भोक आहे, चकतीचा मागमूस नाही, म्हणून माझा कल स्पार्टनकडे आहे. पेन्सिलीचा कागद आला की बोलू. त्यावर ओरोव्हिल निघालं तर मी शब्द मागे घेईन. सॅन फ्रान्सिस्को किंवा लिंकन, नेब्रास्का निघालं तर तो पॅसिफिक, जी कंपनी १९७१ मध्ये हॉर्नडीने घेतली. वासेका, मिनेसोटा असेल तर हर्टर्स, टपालाने माल विकणारे. मेव्हिल, विस्कॉन्सिन मात्र निघणार नाही, कारण तिथल्या एमईसी कंपनीचे प्रेस छर्ऱ्यांच्या काडतुसांचे आणि दिसायलाच वेगळे असतात.

आता माप. माथ्यावरच्या भोकाला व्हर्नियर कॅलिपर लावा. डायच्या आट्यांचं माप सात सूत, म्हणजे २२.२ मिलिमीटर. पण भोकात व्हर्नियर लावाल तेव्हा आट्यांची टोकं मोजली जातात, त्यामुळे आकडा वीस-साडेवीसच्या आसपास येईल, गोंधळू नका. इंचाला आटे चौदा. हे सात सूत चौदा आटे पुढे सगळ्यांचं सामाईक माप झालं आणि आजही तेच चालतं. त्याऐवजी पाच सूत आणि इंचाला तीस बारीक आटे निघाले, तर तुमच्या हातात लायमनचा जुना ट्रू-लाइन घराण्यातला प्रेस आहे, ज्याला त्यांच्या चिमट्यासारख्या हातात धरून काडतुसं भरायच्या अवजाराच्या छोट्या डाय लागतात. मग किंमतही वेगळी आणि कौतुकही.

आटे मोजताना एक गंमत होते. नागदेवी स्ट्रीटवर मिळणाऱ्या स्वस्त पिच गेजमध्ये (आट्यांचं अंतर तपासायच्या दातेरी पानांच्या जुडग्यात) एका बाजूला मेट्रिक पानं असतात, दुसऱ्या बाजूला व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्यांची. पावणेदोन मिलिमीटरचं मेट्रिक पान या आट्यांत लावलंत तर पहिले तीन-चार दात मस्त बसतात आणि माणूस खूश होतो. पान अख्खं इंचभर टेकवून उजेडाकडे धरा. चौथ्या-पाचव्या आट्यापासून फट दिसायला लागते, कारण खरा आटा १.८१ मिलिमीटरचा आहे. व्हिटवर्थच्या बाजूचं चौदाचं पान अंतराला बरोबर बसतं, पण त्याचा कोन पंचावन्न अंशांचा आणि या आट्यांचा साठ, म्हणून दाताच्या कडेला केसाएवढा उजेड राहतो. माझ्या ओळखीच्या एका कारागिराने याच चुकीपायी पावणेदोनचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून चांगल्या फ्रेमचे आटे खाल्ले. म्हणून मोजण्यापलीकडे तिथे काही घालू नका.

वय ठरवायला यंत्रापेक्षा ट्रंकेतली रद्दी जास्त कामाची. पुठ्ठ्याचा डबा, सूचनांचा कागद, दुकानाचं लेबल, काही फेकू नका. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये आला. कंपनीच्या पत्त्यात तो असेल तर कागद त्यानंतरचा. आपल्याकडे पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. डब्यावर मुंबईच्या विक्रेत्याचं लेबल असेल आणि पत्त्याला नुसतं 'बॉम्बे-१' असेल तर बहुधा त्याआधीचं, '४०० ००१' असेल तर नंतरचं. आणि १९७२ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवा, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तुमचे आजोबा शहापूर-मुरबाडकडे शिकारीला जात असतील तर त्या सालानंतर या प्रेसला फारसं काम उरलं नसणार. आजोबांचा कुणी भाऊ किंवा मित्र बोटीवर नोकरीला होता का, तेही घरात विचारा. अशी अवजारं बरेचदा तशीच आली.

'सी' आकाराबद्दल एक शब्द. पुढून उघडी फ्रेम काम करायला सोयीची, पण जोर लागला की तिचं तोंड किंचित उघडतं. म्हणून पुढे बंद, 'ओ' आकाराच्या फ्रेमी लोकप्रिय झाल्या. पण 'सी' प्रेस नंतरही बनत राहिले, तेव्हा आकारावरून साल काढू नका.

किमतीचं विचारलंत. साध्या एकभोकी प्रेसचे त्या काळी पुष्कळ नग बनले. फार मोठ्या रकमेची स्वप्नं बघू नका, आणि विकायची जाहिरात तर मुळीच टाकू नका. वर सांगितलेला कायदा विकणाऱ्याला जास्त लागतो.

आता समजा कागद झाले आणि लेखी होकार हातात आहे. दुरुस्तीचं बोलू. पण आधी माझी एक चूक सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी असाच एक 'सी' प्रेस आला होता, गंजाने लाल झालेला. मी घाईत तो एका ब्लास्टिंगवाल्याकडे, म्हणजे वाळूचा मारा करून गंज काढणाऱ्याकडे, दिला. संध्याकाळी परत आला तो राखाडी, एकसारखा, देखणा. आणि सपाट. ओतीव अक्षरांच्या कडा वाळूने खाल्ल्या होत्या, रॅमच्या भोकाला बूच न लावल्याने आतली चकाकी गेली होती, आणि मूळ रंगाचा एक कणही उरला नव्हता. तो कुणाचा प्रेस हे आज कुणीच सांगू शकत नाही. मालक म्हातारे होते, काही बोलले नाहीत, नुसतं अंगठ्याने अक्षरांची जागा चाचपत राहिले. तेव्हापासून बिडाच्या जुन्या वस्तूला मी ब्लास्टिंग, ग्राइंडर, वायर व्हील यांपैकी काही लावत नाही.

पहिलं काम तडा तपासणं. फ्रेम बिडाची असेल तर 'सी'च्या आतल्या कोपऱ्यात, जिथे पाठ आणि माथा मिळतात, तिथे तडा जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. फ्रेम दोरीला टांगून लाकडी मुठीने टकटक करा. धड असेल तर आवाज लांबतो, तडा असेल तर मडकं फुटल्यासारखा बसका येतो. खात्रीसाठी जुनी युक्ती: त्या जागी रॉकेल लावा, नाही मिळालं तर डिझेल, पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर खडूची भुकटी किंवा खडूचा जाड थर चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल पाझरतं आणि पांढऱ्या खडूवर सुरवंटाच्या मिशीसारखी ओली रेघ उमटते. रेघ दिसली तर वेल्डरकडे धावू नका. तापवल्याशिवाय घाईने वेल्डिंग केलेलं बीड टाक्याच्या शेजारी पुन्हा फुटतं. शोकेससाठी तो तडा तसाच राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

मग पिना. हँडल, लिंक आणि रॅम जोडणाऱ्या पिनांना लोक सरळ हातोडी घालतात. आधी दोन्ही टोकांचा व्यास मोजा. एकीकडे जरा कमी भरला तर ती निमुळती पिन आहे, इंची मापाच्या निमुळत्या पिनांचा उतार ४८ ला १ असतो, आणि ती फक्त बारीक बाजूने ठोकून जाड बाजूनेच निघते. उलट ठोकलीत तर ती आणखी घट्ट होते, डोकं पसरतं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. अडलेल्या पिनेला अ‍ॅसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल निम्मं-निम्मं करून रोज दोन थेंब, तीन-चार दिवस. हे मिश्रण पेट घेतं, तेव्हा देवघर आणि गॅसपासून लांब. ज्योत अजिबात लावू नका, टोप्यांची खात्री झाली असली तरी. पितळी ड्रिफ्टने, म्हणजे ठोकायच्या दांडीने, एकच ठाम ठोका द्या. दहा भित्रे ठोके पिनेचं टोक फुगवतात. निघालेली प्रत्येक पिन वेगळ्या पाकिटात, पाकिटावर जागा आणि दिशा लिहून. हे आळसाने टाळलं तर जुळणीच्या दिवशी माझी आठवण काढाल.

गंज काढायच्या पद्धती दोन ताटांत वाढायच्या. बिनरंगाचे, साध्या लोखंडाचे भाग, म्हणजे हँडलची दांडी आणि लिंका, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेवर टाकता येतात. बादली प्लास्टिकची, पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक वस्तूला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेसचा चमचा धन टोकाला लावायचा नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे गच्चीत किंवा मोकळ्या बाल्कनीत. स्प्रिंगा यात टाकू नका, कडक पोलाद हायड्रोजन पिऊन ठिसूळ होतं. वीज नको असेल तर उसाची मळी: गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळते, एकाला नऊ भाग पाणी, आठवडाभर. गंज खरंच सुटतो. पण वास असा येतो की शेजारी सोसायटीत तक्रार देतील, आणि मुंग्यांचं काय ते तुम्ही बघा. अ‍ॅल्युमिनियमचा भाग मळीत किंवा सोड्यात घालू नका.

फ्रेम मात्र यातल्या कशातच जाणार नाही. विजेच्या बादलीत गंजाबरोबर रंगही सुटतो आणि आपल्याला तो केशरी रंग हवा आहे. फ्रेमला डिझेल, जुना टूथब्रश आणि भरपूर वेळ. वरचा हिरवा काढायला तळाच्या न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने अ‍ॅसिटोन लावून बघा. घरगुती ऑइल पेंट आधी मऊ होऊन सुरकुततो, खालचा भट्टीत भाजलेला रंग जास्त वेळ तग धरतो. ती मधली काही सेकंदं पकडायची. रुपयाच्या नाण्याएवढी जागा, काडी फिरवली, सुरकुती आली, पितळी पट्टीच्या कडेने उचलली, लगेच तेलाच्या फडक्याने पुसली, मग शेजारची जागा. मला एका फ्रेमला अकरा संध्याकाळी लागल्या. हातमोजे घाला, आणि कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि रॅमभोवतीच्या काजळीत तर टोप्यांच्या जळलेल्या मसाल्याचं शिसं असतंच. घरात लहान मूल असेल तर ते फडके वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा.

जिथे केशरी उडालाय तिथे नवा रंग भरायचा मोह होईल. भरू नका. आजोबांचा तळवा हँडलवर नेमका जिथे पडायचा तिथलं लोखंड काळसर गुळगुळीत झालं असेल. तेवढ्यासाठी तर तुम्ही हे ठेवताय ना?

रॅम आणि भोकातला खेळ डायल गेज लावून बघा. दोन-तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असेल तर उत्तम, सहा-सातच्या वर गेला तर प्रेस भरपूर राबला आहे. नेमबाजाच्या चालू प्रेससाठी आम्ही रॅमला हार्ड क्रोम चढवून ग्राइंड करून घेतलाय, गनमेटलचं बुशही घातलंय. तुम्हाला त्याची गरज नाही, त्या फंदात पडू नका. रॅमला तेलात भिजवलेली सगळ्यात बारीक स्टील वूल, लांबीच्या दिशेने नाही तर गोल फिरवत, हलक्या हाताने. काळे डाग राहतील, खळगे राहतील, राहू देत. हँडलचा काळा गोळा बहुधा बॅकेलाइटचा आहे. कोमट पाण्याखाली चोळून वास घ्या, कार्बोलिकसारखा आला तर नक्की. गाडीच्या पॉलिशने तो छान उजळतो.

जुळणीनंतर तेल. शिलाई मशीनचं तेल पिनांना दोन थेंब पुरे. खोबरेल लावू नका. माझ्या आईने आमच्या शिलाई मशीनला आयुष्यभर खोबरेल घातलं आणि दर हिवाळ्यात ते मशीन सत्याग्रहाला बसायचं. उघड्या लोखंडाला मधमाश्यांचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून पातळ थर द्या, सुकल्यावर सुती कापडाने चोळा. घोडबंदर रोडला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर. जूनपासून चार महिने लोखंडाला घाम सुटतो. काचेच्या बंद शोकेसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीच्या आधी एकदा बदला. बसवायला दीड इंची सागवानी फळी, बुडातली मूळची भोकं वापरून. नवं भोक पाडायचं नाही.

राहिलं पितळी यंत्र. त्याला बारा बोरच्या कागदी काडतुसाचं तोंड मुडपायचं यंत्र म्हणतात. काडतूस आडवं धरून कळ फिरवली की कागदाची कड गोल आत वळते आणि वरची चकती घट्ट बसते. अशी यंत्रं इंग्लंडमध्ये शेफिल्डला पुष्कळ बनली, जेम्स डिक्सन अँड सन्स आणि हॉक्सली ही दोन नावं त्यात मोठी. त्यामुळे हे तुमच्या प्रेसपेक्षा बरंच जुनं असू शकतं, आजोबांच्याही आधीच्या पिढीचं. अर्जातल्या यादीत याचाही फोटो घाला, शेवयांचं म्हणून सोडून देऊ नका. आणि याला पितांबरी लावू नका. पितांबरी ठाण्याचीच, घरची भांडी घासायला मीही तीच वापरतो, पण कारखान्याचा शिक्का पितळेत जेमतेम केसभर खोल असतो आणि दोन-तीनदा जोर लावून घासलं की अक्षरं पुसट होतात. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं. शिक्का बहुतेक टेबलाला अडकवायच्या पकडीच्या आतल्या बाजूला असतो. बॅटरी आडवी धरून त्याचा एक फोटो काढा, आणि पेन्सिलीच्या कागदाबरोबर पाठवा.